मोठा प्लॅन पास व्हायला किती दिवस? बेळगाव सीमाभागातल्या मुदतींचा हिशेब

बेळगावात प्लॅन पासिंगला दिलेल्या कोणालाही विचारा, अर्ज कधीचा? मालक इंजिनिअरकडे फाइल सोपवल्याची तारीख सांगतो. इंजिनिअर ऑनलाइन चढवल्याची सांगतो. कचेरीतला कारकून म्हणतो, "कागद पुरे झाले ती तारीख धरा." तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात. पण कायद्यातली मुदत बहुतेक ठिकाणी तिसऱ्या तारखेपासून धावते, आणि मालकाला ती तारीख माहीतच नसते. मोठ्या कामात महिने वाया जातात ते इथं.

हा लेख एका मजल्याच्या वाढीव बांधकामासाठी नाही. दोन-चार एकरांचा लेआउट, अपार्टमेंट, मंगल कार्यालय, दवाखाना, शाळेची इमारत, व्यापारी संकुल अशा कामांसाठी आहे. अशा कामांना एक नाही, चार-पाच परवानग्या लागतात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी असते.

ही कटकट आपल्याकडचीच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये दहा किंवा जास्त घरांचा, किंवा १,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या इमारतीचा अर्ज 'मोठा' धरतात आणि त्यावर १३ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. लहान अर्जाला ८ आठवडे, पर्यावरण अहवाल लागला तर १६. पण अर्जदार आणि नगरपालिका यांनी लेखी संमतीनं मुदत वाढवली, तर वाढीव तारखेपर्यंत दिलेला निर्णयही सरकारी आकडेवारीत 'वेळेत' मोजला जातो. म्हणजे तिथंही नुसता आकडा वाचून भागत नाही, मुदत कधी सुरू झाली आणि मध्ये कोणी ताणली हे बघावं लागतं.

पहिलं काम : हद्द

जागा कोणाच्या हद्दीत आहे हे ठरल्याशिवाय मुदतीची चर्चा व्यर्थ. बेळगाव शहरात इमारतीचा परवाना महानगरपालिका देते. जमिनीचा वापर, लेआउट, प्लॉटची विभागणी हे विषय नियोजन प्राधिकरण म्हणून बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे जातात. शहराला लागून असलेल्या अनेक गावांत लेआउट बुडाकडे आणि घराचा परवाना ग्रामपंचायतीकडे अशी वाटणी दिसते. मच्छे, पिरनवाडीला आता नगरपंचायत आहे, त्यामुळे जुन्या ग्रामपंचायतीच्या कागदांवर विसंबून तिथं अर्ज करू नका. कॅम्प भागात वेगळंच राज्य, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि केंद्राचा कायदा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूरकडे स्थानिक संस्था आणि नगरयोजना खातं यांच्यात फाइल फिरते.

हद्द तोंडी विचारू नका. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर लिहून, तो बृहत् आराखड्यात कोणत्या झोनमध्ये आहे याचा दाखला मागा. यलो, म्हणजे निवासी झोन असेल तर वाट सरळ. ग्रीन, म्हणजे शेतीचा झोन निघाला, तर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

कायद्यात लिहिलेल्या मुदती

महानगरपालिकेच्या हद्दीत कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ लागू आहे. कलम ३०२ नुसार जागेला मंजुरी द्यायची की नाही हे आयुक्तांनी ३० दिवसांत कळवायचं. कलम ३०३ नुसार बांधकामाच्या परवानगीबद्दलही ३० दिवस. यात दोन मेखा आहेत. हे ३० दिवस अर्ज मिळाल्यापासून, किंवा मागवलेली जादा माहिती मिळाल्यापासून मोजतात. आणि जागेला मंजुरी मिळेपर्यंत बांधकामाच्या परवानगीची मुदत सुरूच होत नाही.

बुडासारख्या नियोजन प्राधिकरणाला कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ लागू होतो. कलम १५ प्रमाणे अर्जाची लेखी पोच दिल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवायचा. नाही कळवला तर परवानगी मिळाली असं धरायचं, मात्र तुमचं काम मंजूर आराखड्याशी आणि नियमांशी जुळत असेल तरच. निर्णय विरोधात गेला तर अपिलाची सोय याच कलमात आहे.

झोन बदलायचा असेल तर कलम १४-अ. यात वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांच्या हरकतींसाठी किमान १५ दिवस ठेवावे लागतात आणि पुढं सरकारची मंजुरी लागते. ग्रीन झोनची जमीन घेऊन "सहा महिन्यांत यलो करून देतो" म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला एवढंच विचारा, की सरकारच्या मंजुरीची तारीख तू कशी काय सांगतोस?

शेतजमीन बिगरशेती करायची, म्हणजे आपल्या भाषेत एनए, तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ चं कलम ९५. मूळ कलमात जिल्हाधिकाऱ्यांना चार महिने दिले होते आणि तेवढ्यात कळवलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाई. नंतर प्रतिज्ञापत्रावर आधारलेला ऑनलाइन अर्ज आला आणि काम जलद झालं. आराखड्यात आधीच निवासी असलेल्या जमिनीला आणखी सोपं. अर्ज करताना पोचपावतीवर दिलेली मुदत बघा आणि तीच धरा.

लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल, किंवा आठांपेक्षा जास्त सदनिका असतील, तर प्लॉट अथवा फ्लॅट विकायच्या आधी रेराकडे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ५०० चौरस मीटर म्हणजे किती? एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांतच रेषा ओलांडली जाते. "आमचा लहान लेआउट आहे, रेरा लागत नाही" ही पाटी म्हणून संशयानंच वाचावी. रेराला निर्णयासाठी ३० दिवस आहेत, त्यात काही कळवलं नाही तर प्रकल्प नोंदला गेला असं मानतात.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. छाननी समितीला ६० दिवस आणि प्राधिकरणाला पुढचे ४५, असे एकूण १०५ दिवस, पण पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. 'पूर्ण' हा शब्द इथंही आडवा येतो.

कॅम्पमधली मुदत थोडी गमतीची आहे. कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ च्या कलम २३८ नुसार बोर्डानं रीतसर नोटीस मिळाल्यावर महिनाभर काही कळवलं नाही, तर मालकानं रजिस्टर्ड पोस्टानं आठवण करून द्यायची. त्यानंतरही १५ दिवस बोर्ड गप्प राहिलं तर मंजुरी मिळाली असं मानायचं. आठवणीचं पत्रच पाठवलं नाही, तर ही तरतूद तुमच्या कामाची नाही.

आता शहरालगतच्या, यलो झोनमधल्या दोन एकरांच्या लेआउटचा कागदी हिशेब घालू. एनएला जुन्या कलमाचे चार महिने, बुडाचे तीन, रेराचा एक. एकामागून एक धरले तरी आठ महिने. प्रत्यक्षात याहून जास्त लागतात. ते का, हे पुढच्या भागात.

अर्जाआधीचे महिने

माझं मत स्पष्ट आहे : मोठ्या अर्जाचा निम्मा वेळ अर्ज द्यायच्या आधीच्या कागदांत जातो, आणि तो कोणत्याही सरकारी मुदतीत मोजला जात नाही. कचेरीवर राग काढण्याआधी घरचे कागद उघडून बसा.

सुरुवात आरटीसी उताऱ्यापासून, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यापासून करा. उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि वारस म्हणून सात जण, त्यातले दोन पुण्यात, एक दुबईत, एका आत्याचं नाव लागलेलंच नाही, हे आपल्याकडे घरोघरी आहे. वारसा नोंद पूर्ण होऊन म्युटेशन (फेरफार) आल्याशिवाय एनएचा अर्ज लावू नका. मध्येच एखाद्या वारसानं हरकत घेतली की प्रकरण महसुलातून कोर्टात जातं, आणि तिथली मुदत कोणी सांगू शकत नाही. काका-पुतण्यांचं बोलणं बंद असेल तर आधी ते सुरू करा. वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडतं.

उताऱ्यातलं क्षेत्र, आकारबंदातलं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र हे तिन्ही जुळतंय का बघा. गुंठा-दोन गुंठ्यांचा फरक शेतीत कोणाला जाणवत नाही, लेआउटच्या नकाशात मात्र तो रस्त्याच्या रुंदीत उतरतो. सर्व्हे नंबरचा काही भागच घेत असाल तर मोजणी खात्याचा ११-ई नकाशा लागतो. त्याची रांग वेगळी.

मोजणीचा हंगाम सांभाळा. खानापूर तालुक्यात, किंवा बेळगावच्या पश्चिमेला भाताच्या शेतात, पावसाळ्यात बांध पाण्याखाली जातात आणि भूमापकाला दगड सापडत नाहीत. पीक काढून झाल्यावर, उन्हाळ्यापर्यंतचा काळ मोजणीला चांगला. अर्ज त्याआधीच देऊन ठेवा म्हणजे कापणी झाल्यावर नंबर लागेल.

जमिनीचा इतिहास कूळ कायद्याचा, वतनाचा किंवा सरकारनं वाटप केलेल्या जमिनीचा असेल, तर विक्रीवर आणि वापरावर अटी असू शकतात. जुन्या नोंदी, त्यांचे आदेश आणि बोजाचा दाखला काढून जाणकार वकिलाला दाखवा. ही शंका एनएच्या टेबलावर निघाली तर फाइल खाली परत येते.

जुन्या शहरात, शहापूर, वडगाव, अनगोळकडे, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेचं खातं यांतली नावं वेगळी असतात. एकावर विक्रेता, दुसऱ्यावर खरेदीदार. ई-खातं करून घेताना ही विसंगती वर येते. ती आधीच मिटवा.

बाहेरच्या खात्यांचे ना-हरकत दाखले एकदम मागा, एकामागून एक नको. वीज, पाणी, उंच इमारतीला अग्निशमन, सांबरा विमानतळाच्या परिसरात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण, खानापूरकडे वनहद्द जवळ असेल तर वनखातं. "एक आला की दुसरा मागू" ही सवय मोठ्या कामात सगळ्यात महाग पडते.

अर्ज दिल्याचा दिवस

अर्ज ऑनलाइन असो वा खिडकीवर, पोच घेतल्याशिवाय उठू नका. सकाला या ठराविक मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या योजनेत येणाऱ्या सेवेला अर्ज क्रमांक आणि काम पूर्ण होण्याची तारीख मिळते. कर्नाटक नागरिक सेवा हमी कायदा, २०११ या योजनेच्या मागे आहे, आणि २ एप्रिल २०१२ पासून ती राज्यभर चालू आहे. सकालात सुट्टीचे दिवस मोजत नाहीत, म्हणून घरच्या कॅलेंडरवर तीस चौकोन मोजून भांडायला जाऊ नका.

इंजिनिअरच्या लॉगिनमधून अर्ज जातो तिथं एक खबरदारी घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा स्वतःचा द्या. सगळे संदेश इंजिनिअरच्या फोनवर जातात आणि त्याच्याकडे चाळीस फाइली असतात. तुमची त्रुटी त्याला दिसेपर्यंत पंधरवडा उलटतो.

एका वहीत किंवा मोबाइलमध्ये चार तारखा लिहून ठेवा : अर्ज चढला ती, फी भरली ती, त्रुटी निघाली ती, त्रुटी पूर्ण केली ती. पुढं अपील करायची वेळ आली तर हा चार ओळींचा तक्ता दहा पानांच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलतो.

त्रुटीचं पत्र आलं की

सीमाभागात इथं एक खास अडचण आहे. पत्र कन्नडमध्ये येतं. घरात ज्येष्ठांना ते वाचता येत नाही, मुलगा पुण्याला, म्हणून पत्र टेबलावर पडून राहतं. तेवढ्यात उत्तराची मुदत जाते आणि अर्ज निकाली काढला जातो. पत्र आलं त्याच दिवशी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून नीट वाचून घ्या, तारखेसकट. शेजारचा कॉलेजचा पोरगा चालेल, पण 'सारांश' नको, ओळ न् ओळ हवी. उत्तर कन्नड किंवा इंग्रजीत द्या. मराठीतल्या उत्तराचा आग्रह हा हक्काचा विषय म्हणून वेगळा लढता येईल. लाखो रुपयांचं व्याज चालू असलेल्या फाइलवर तो प्रयोग करू नका.

सगळ्या त्रुटी एकाच पत्रात लिहून द्या, अशी नम्र लेखी विनंती पहिल्याच उत्तरात करा. आज रस्त्याची रुंदी, पुढच्या महिन्यात पार्किंग, त्यानंतर सहीचा नमुना, असं तुकड्यातुकड्यानं पत्र येत राहिलं तर प्रत्येक वेळी ३० दिवस नव्यानं मोजले जाऊ शकतात. विनंतीची प्रत हाती असली की वरिष्ठांसमोर बोलायला आधार मिळतो.

तोंडी त्रुटीला तोंडी उत्तर देऊ नका. "साहेब म्हणाले नकाशा बदला" म्हणून नकाशा बदलला, आणि कागदावर मात्र अर्जदारानंच सुधारित नकाशा दिला अशी नोंद झाली, की जुनी तारीख गेली.

कचेरीचं कॅलेंडर

कायद्यात नसलेल्या पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या काही गोष्टी. हलग्याला सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं, बहुतेक डिसेंबरमध्ये, तेव्हा जिल्ह्याची यंत्रणा बंदोबस्त, मोर्चे आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांत गुंतते. त्या काळात स्थळपाहणीची अपेक्षा धरू नका. गणेशोत्सवाचे अकरा दिवस बेळगावात निम्मं शहर मंडपात असतं. निवडणूक लागली की कर्मचारी तिकडे जातात. अधिकाऱ्याची बदली हा तर वेगळाच ऋतू, नवा माणूस फाइल पहिल्या पानापासून वाचतो, आणि त्याचा तो अधिकारच आहे. म्हणून मोठा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत लागेल असं बघा, पाहणी पावसाच्या आत उरकते.

मुदत उलटली तर

पायऱ्या सोडून उड्या मारू नका. धारवाडच्या खंडपीठात जाण्याआधी खालच्या सगळ्या पायऱ्या चढलात हे तिथं विचारलं जाणारच.

महापालिकेत कलम ३०४ हे विसरलं गेलेलं हत्यार आहे. आयुक्तांनी ठरलेल्या दिवसांत मंजुरीही दिली नाही आणि नाकारलंही नाही, तर तुम्ही स्थायी समितीला लेखी विनंती करू शकता आणि समितीनं निर्णय द्यायलाच हवा. समितीनंही ३० दिवसांत काही ठरवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. या एका पानाच्या पत्रात तारखांचा तो चार ओळींचा तक्ता जोडा, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. अनेकदा पत्र पोचल्यावरच फाइल हलते.

सकालात आलेल्या सेवेसाठी अपील करा. उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. पाचशे रुपयांसाठी कोण धडपडणार? पण ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होते आणि नोंद राहते, म्हणून आकड्यापेक्षा तिचा परिणाम मोठा आहे.

माहिती अधिकार अर्ज तक्रारीसारखा लिहू नका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा. विचारायचं एवढंच : माझा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आला आणि कधी पुढं गेला, आणि फाइलवरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या. "का उशीर केला" असं विचारलं तर गोल उत्तर येतं. तारखा मागितल्या तर कारण आपोआप दिसतं.

एवढं करूनही निर्णय आला नाही, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका. तिथं मागणी 'परवानगी द्या' अशी ठेवण्यापेक्षा 'ठराविक मुदतीत निर्णय द्यायला सांगा' अशी ठेवली तर काम लवकर होतं, असं वकील मंडळी सांगतात आणि मला ते पटतं.

मानीव परवानगीवर पाया खोदावा का?

मुदत उलटली म्हणून मिळाली असं धरलेली परवानगी ती मानीव. कागदावर तो हक्क आहे. पण मोठ्या कामात नुसत्या मानीव परवानगीवर काम सुरू करू नये असं मी म्हणेन. एक तर ती नियमबाह्य बांधकामाला संरक्षण देत नाही, समोरची मोकळी जागा अर्धा मीटर कमी पडली तरी नोटीस येऊ शकते. दुसरं, बँक मंजूर नकाशावर शिक्का बघते. कर्जाचा हप्ता सुटायचा असेल तर 'मुदत उलटली म्हणून मंजुरी मिळाली' हे शाखेतल्या माणसाला पटवणं अवघड. तिसरं, प्लॉट घेणाऱ्याचा वकील तोच प्रश्न विचारणार. या तरतुदीचा खरा उपयोग दबावासाठी : मुदत संपल्याचं कळवणारं, कलम लिहिलेलं पत्र द्या आणि शिक्क्याचा नकाशा मागा.

शेजारी म्हणून हरकत घ्यायची असेल

शेजारी मोठं काम येतंय आणि तुमचा वहिवाटीचा रस्ता किंवा नाला त्यात जातोय, तर मुदत तुमच्या विरुद्ध धावते. झोन बदलाच्या जाहिरातीवर १५ दिवस मिळू शकतात, आणि ती बहुधा कन्नड दैनिकात असते. मराठी पेपर वाचणाऱ्या घरात ती दिसतच नाही. हरकत सर्व्हे नंबर, जुना नकाशा आणि फोटोसह द्या. "आमचा विरोध आहे" एवढ्या ओळीनं काही होत नाही.

काम संपल्यावर

इमारत उभी राहिली की पुष्कळ जण थांबतात. काम संपल्यापासून महिन्याभरात पूर्णत्वाची सूचना महापालिकेला द्यायची असते, कलम ३१० प्रमाणे. वापराच्या परवानगीबद्दल आयुक्तांनी ३० दिवस नकार कळवला नाही तर वापर सुरू करायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही दाखला हातात घ्या, कारण वीज आणि पाण्याच्या जोडणीच्या वेळी तोच मागतात. अपार्टमेंट असेल तर पहिल्या फ्लॅटधारकाला चावी देण्याआधी तो मिळवा. नंतर वीस कुटुंबं तुमच्या दारात आणि तुम्ही कचेरीच्या.